घरातलं ऑफिस: आधी काय बाहेर काढायचं, मग काय आणायचं
(नेरूळमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२: नमस्कार मंडळी. मागच्या बेडरूममध्ये पश्चिमेच्या खिडकीपाशी कायमचं ऑफिस मांडायचं आहे. ऑनलाइन 'इको-फ्रेंडली' म्हणून बांबूचे ऑर्गनायझर, कॉर्कचे बोर्ड, बाल्कनीत ठेवायचे सोलर चार्जर दिसतात. यातलं खरंच काय घ्यावं? वीज, कागदपत्रं, जुनं सामान, सगळ्याबद्दल सांगा.

सी-११०४: दादा, तूर्तास काहीच मागवू नका. विजेचं मी सांगतो, कारण तिथे लोक नेमकं चुकीच्या जागी वाचवायला जातात. मोबाइल महिनाभर रोज पूर्ण चार्ज केला तरी एक युनिट होत नाही, त्यामुळे सोलर चार्जरने बिलात काही दिसणार नाही. पॅनेल, बॅटरी आणि प्लास्टिक मात्र घरात एक वस्तू म्हणून वाढेल.

खरा खर्च डोक्यावर फिरतोय. साधा सीलिंग फॅन ७५ वॉटच्या आसपास घेतो. दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस धरले तर १९.५ युनिट. बीएलडीसी फॅन (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास, म्हणजे ७.८ युनिट. फरक जवळपास १२ युनिटचा. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर बदलतो, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

बसवताना एकच काळजी: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून फॅनला थेट स्विचमधून सप्लाय द्यायला सांगा. रेग्युलेटर मध्ये राहिला तर फॅन गुणगुणतो, रिमोट नीट चालत नाही आणि आतलं सर्किट लवकर जातं. वायरमन घाईत असला की हेच राहून जातं.

बी-९०३: आणि एसी? दुपारी त्या बाजूला भट्टी असते.

सी-११०४: ऊन काचेतून आत आलं की पडदा कितीही जाड लावा, उष्णता खोलीतच अडकते. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं. ग्रिलमध्ये बांबूची चिक लावा, दुपारी दोननंतर खाली सोडायची. त्यानंतर एसी २६ वर आणि फॅन हळू, एवढं बऱ्याच दिवशी पुरतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना २४ अंश हे डिफॉल्ट सेटिंग बंधनकारक झालं, त्यामागचा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब असा की एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा, एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. जाळी तुंबली की हवा कमी येते, मग माणूस अंश खाली आणतो.

सेक्रेटरी: चिक ग्रिलच्या आतल्या बाजूलाच बांधावी आणि खालच्या दोन्ही टोकांना दोरी असावी. मोकळी सोडलेली चिक वाऱ्याने आपटते, पट्ट्या सुटून खाली पडतात. जूनच्या आधी उतरवून ठेवा, भिजली की काळी पडते.

ए-८०१: टेबलाचं मी सांगते. खिडकीकडे तोंड करून बसू नका, डोळे दिपतात. खिडकीकडे पाठही नको, स्क्रीनवर चकाकी येते. टेबल खिडकीला काटकोनात, उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डावीकडे. दिवसा मग ट्यूब लावावी लागत नाही, संध्याकाळी ७ वॉटचा एलईडी टेबल लॅम्प पुरतो.

नवीन टेबल घ्यायचंच असेल तर पार्टिकल बोर्डचं नको. इथल्या पावसाळ्यात कडेची पट्टी सुटली की आत दमट हवा शिरते, बोर्ड फुगतो, स्क्रू धरत नाही आणि मग ते टेबल कुणी दुरुस्तही करत नाही. घरात जुनं डायनिंग टेबल पडून असेल तर तेच वापरा, उंची २८ ते ३० इंच असली की झालं. सुतार दिवसभरात पाय कापून, खाली तक्ता मारून देतो. माझ्या मते पर्यावरणाच्या नावाने जे जे विकलं जातं त्यापेक्षा हे जुनं टेबल जास्त मोलाचं.

डी-५०६: मशीनबद्दल. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॉट धरा, लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर मिळून ६५ च्या आसपास. ९ तास, २६ दिवस म्हणजे २८ विरुद्ध १५ युनिट. पण चालू डेस्कटॉप टाकून नवीन लॅपटॉप घेणं शहाणपणाचं नाही, नवीन मशीन तयार होतानाच बराच कच्चा माल आणि वीज खर्ची पडते. जुन्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ जीबीच्या पुढे न्या, पाठचा पंखा ब्रशने साफ करा, आणखी काही वर्षं सहज चालेल. स्क्रीनसेव्हरने काही वाचत नाही, कारण स्क्रीन चालूच राहते. १० मिनिटांनी स्लीप लावा.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, बहुतेक कंपन्या ती सोय देतात. कायम १०० टक्के आणि वर उष्णता, यात लिथियम बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटत नसेल तर चार्जिंग तिथेच बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका.

बी-९०३: लाइट गेल्यावर वायफाय चालू राहावं म्हणून त्या छोट्या यूपीएसबद्दल विचारायचं होतं.

डी-५०६: ताई, राउटरच्या अडॅप्टरवरचा स्टिकर वाचून मगच घ्या. १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर १२ व्होल्टचाच घ्यायचा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले की उडतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन आउटपुटवाला लागेल. रात्री राउटर बंद ठेवत असाल तर १० वॉटच्या हिशेबाने ८ तासांचे महिन्याला २.४ युनिट वाचतात. मात्र सीसीटीव्ही किंवा डोअरबेल त्यावर असेल तर बंद करू नका.

एक गोष्ट कमिटीसाठी. आपल्या घरातला राउटर चालू राहून उपयोग नाही, जर डक्टमधल्या इंटरनेट ऑपरेटरच्या स्विचला, म्हणजे घरोघरी जोडणी वाटणाऱ्या डब्याला, बॅकअप नसेल. प्रत्येक विंगच्या डक्टमधलं ते एक सॉकेट जनरेटरच्या लाइनवर घेतलं तर अनेक घरांतले मोठे यूपीएस अनावश्यक ठरतील, आणि असा प्रत्येक मोठा यूपीएस म्हणजे दोन-तीन वर्षांनी निकामी होणारी २ किलोहून जड शिशाची बॅटरी.

सेक्रेटरी: नोंद घेतली. पुढच्या मीटिंगला विषय घेतो.

सी-११०४: लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा आतला रोलर तापताना एकदम काहीशे वॉट ओढतो, यूपीएस किंचाळतो आणि कॉम्प्युटरसकट सगळं बंद पडतं. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला.

एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॉट. त्यावर इस्त्री, किटली नको. बोर्डाला बोर्ड जोडून माळ करू नका, कारण सगळा भार पहिल्याच पिनवरून जातो. पिन तपकिरी दिसली किंवा प्लास्टिक तापल्याचा वास आला तर तो बोर्ड बदला. बोर्ड जमिनीवरही नको, लादी पुसताना पाणी जातं. टेबलाखाली दोन स्क्रूंवर टांगा. वायरी वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, प्लास्टिकचा टाय दर वेळी कापावा लागतो. प्रत्येक प्लगवर मास्किंग टेप लावून 'मॉनिटर', 'राउटर' असं पेनाने लिहा.

ए-३०२: प्रिंटर कुठला घेऊ? महिन्याला फार तर वीस-तीस पानं लागतात.

डी-५०६: एवढ्यासाठी घेऊच नका, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ पाठवून काढून आणा. मुलांच्या प्रोजेक्टमुळे लागतोच असं असेल तर इंक टँक घ्या, पण आठवड्यातून एक रंगीत पान काढावंच लागेल. नाहीतर नोझलमध्ये शाई वाळते, मग हेड क्लीनिंग चालवावं लागतं, आणि त्यात वाया जाणारी शाई आतल्या स्पंजमध्ये साठत जाते. तो भरला की प्रिंटर अडून बसतो. लेझरची टोनर पावडर कपड्यावर सांडली तर झटका आणि गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती कापडात बसते.

बी-२०१: कागदपत्रांचं मी लिहिते, जरा मोठं होईल. या ग्रुपवर पावसाळ्यात दर वर्षी 'फाइलींना बुरशी आली' हा मेसेज येतो, आणि तो टाळता येतो.

कपाट नैऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने येतो, भिंत ओल धरते आणि कपाटाची पाठ ती पिते. मधल्या भिंतीला लावा. जागाच नसेल तर तीन इंच अंतर सोडा आणि खालचा खण जमिनीपासून चार इंच वर असू द्या, म्हणजे वाळवीची माती वेळेत दिसते.

मूळ कागद कधीही लॅमिनेट करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद सुटत नाही, मागच्या बाजूला शिक्का-सही घेता येत नाही. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांना झेरॉक्सची शाई चिकटते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्टेपलचे पिन गंजून डाग पडतात, रबर बँड उन्हाळ्यात वितळून कागदाला धरतो. सुती फीत सगळ्यात चांगली. ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सिडकोचं अलॉटमेंट लेटर आणि ट्रान्सफरचे कागद, कर्ज फिटल्याचं पत्र, एवढे मूळ कागद घट्ट झाकणाच्या एकाच डब्यात ठेवा. २०-२५ लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. दाणे हिरवट पडले की ओलावा भरला, मग ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येतात. दाणे सुटे तापवायचे, पुडीसकट नाही.

ए-८०१: काकू, आणि रोजचे कागद? बिलं, पावत्या?

बी-२०१: जे ऑनलाइन मिळतं ते छापूच नये. लायसन्स, आरसी, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये ठेवा, तिथून आलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. एटीएमची पावती, दुकानाचं गुळगुळीत बिल हा थर्मल कागद, काही महिन्यांत अक्षरं उडतात. वॉरंटीचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. आणि हा कागद रद्दीत घालू नका. त्याच्या लेपात बिस्फेनॉल असू शकतं, ते पुढे रद्दीपासून होणाऱ्या नव्या कागदात उतरतं.

ए फोरचं ७५ जीएसएमचं (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) एक रिम म्हणजे ५०० पानं, २.३ किलो कागद. अर्धं वापरून उघडं ठेवलं की जुलैत पानं वळतात, दोन्ही बाजूंनी छापताना अडकतात. लोक प्रिंटरला दोष देतात. उरलेलं रिम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून टेप लावा, त्या वेष्टनाला ओल अडवणारा थर असतो. एका बाजूला छापलेली पानं एका खोक्यात जमवा, पन्नास झाली की वरून बाइंडर क्लिप लावली की कच्ची वही तयार.

बी-९०३: आधारच्या झेरॉक्स रद्दीत देताना भीती वाटते. श्रेडर घ्यावा का?

बी-२०१: घरासाठी नको. बारीक तुकड्यांना रद्दीवाला भाव देत नाही, धागा तुटल्याने त्याचा कागदही हलका होतो. नंबर, सही आणि फोटोची पट्टी तेवढी फाडून ओल्या कचऱ्यात भिजवा, बाकी पान रद्दीत. आणि पुढे कुणी आधार मागितलं तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

ए-३०२: टेबलावर मनी प्लांट ठेवू का? हवा शुद्ध होते म्हणतात.

ए-८०१: डोळ्यांना छान वाटतं म्हणून जरूर ठेव. हवेसाठी मात्र खिडकीच उघडावी लागते, एका कुंडीने खोलीची हवा बदलत नाही. बाटलीतल्या पाण्यात ठेवलास तर पाणी आठवड्याला बदल आणि बाटली आतून घास. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

सेक्रेटरी: आता जुन्या सामानाचं, कारण गेटवर रोज वाद होतात. वायरी, चार्जर, माउस, टोनर कार्ट्रिज हे सुक्या कचऱ्यात टाकू नका. भंगारवाल्याकडे गेलेली वायर तांब्यासाठी जाळली जाते, सर्किट ॲसिडमध्ये बुडवलं जातं. त्याचा धूर आणि शिसं याच शहरात राहतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. क्लब हाऊसमध्ये पत्र्याचं पिंप ठेवलंय, भरलं की गाडी बोलावतो आणि पावती ग्रुपवर टाकतो.

डी-५०६: पिंपात टाकण्याआधी: लॅपटॉप असेल तर सगळ्या अकाउंटमधून बाहेर या, रीसेट करताना 'सगळं काढा' आणि 'ड्राइव्ह साफ करा' हे दोन्ही निवडा. साध्या क्विक फॉरमॅटने फाइली पुसल्या जात नाहीत. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. सुट्या बॅटरींच्या टोकांना टेप लावा, दोन टोकं एकमेकांना लागली की ठिणगी पडते. माउससाठी रिचार्जेबल सेल घ्या. साधे सेल वापरत असाल तर महिनाभर बंद असलेल्या वस्तूतून काढून ठेवा, दमट हवेत पाझरून आतली पट्टी खातात.

सी-११०४: फुगलेली बॅटरी पिंपात टाकायची नाही, हे वॉचमनलाही सांगून ठेवा. कोरडी वाळू असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून मला किंवा सेक्रेटरींना फोन करा. यूपीएसची बॅटरी नवीन घेताना दुकानदाराला जुनी परत द्या, तो बिलात वजावट देतो. आणि सीएफएल फुटला तर त्यात पारा असतो: पंखा बंद, खिडकी उघडी, मुलांना बाहेर. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करायचे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, पारा सगळीकडे पसरतो.

ए-३०२: म्हणजे मागवायचं फक्त फॅन, चिक, वेल्क्रो आणि सिलिका जेल. बाबांचं जुनं टेबल माळ्यावर आहेच. सी-११०४ काका, चांगला वायरमन असेल तर नंबर पर्सनलवर पाठवाल का?

सी-११०४: पाठवतो. तो आला की आधी त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या, मग फॅन.