कोटोको कोणाचा? मानहिया राजवाड्याचा की कुमासीचा?

शिट्टीवाला

क्लबांच्या मालकीचा विषय निघाला की आपण सगळे बार्सिलोना आणि मँचेस्टरवर येऊन थांबतो. मी आज जरा आडवाटेचं उदाहरण घेतो. घानातल्या कुमासी शहराचा असांते कोटोको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुमासी ही जुन्या असांते राज्याची राजधानी. कोटोको म्हणजे साळिंदर, असांते लोकांचं मानचिन्ह. क्लबचं घोषवाक्य 'कुम अपेम आ, अपेम बेबा', म्हणजे हजार मारा, हजार परत येतील. 1970 आणि 1983, दोन वेळा हा क्लब आफ्रिकेचा विजेता झाला. 1983 ला तर कैरोत 0-0 रोखून कुमासीत अल अहलीला 1-0 ने हरवलं, गोल ओपोकू न्टीचा.

आणि त्यानंतर? आफ्रिकेतला सर्वात मोठा चषक एकदाही नाही. 1993 ला अंतिम सामन्यात झमालेककडून पेनल्टीवर हार. 2002 ला कप विनर्स कपमध्ये मोरोक्कोच्या विदादशी दोन लढतींची बेरीज 2-2, पण परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा या नियमाने चषक गेला. तेव्हा निदान हरायला तरी अंतिम फेरीत पोचत होते.

माझं म्हणणं असं की रोगाचं मूळ मानहिया राजवाड्यात आहे. असांतेहेने, म्हणजे तिथले राजे ओटुमफुओ ओसेई टुटू दुसरे, क्लबचे तहहयात आश्रयदाते. संचालक मंडळ तेच नेमतात आणि तेच घरी पाठवतात. 2020 ला नवं मंडळ आणि नवे सीईओ मोठ्या थाटात आले, 2022 ला लीगही जिंकली, आणि 2023 ला राजवाड्याने सगळ्यांना नारळ देऊन हंगामी समिती बसवली. जो येतो त्याचं अर्धं लक्ष मैदानावर आणि अर्धं राजवाड्याच्या दाराकडे. प्रेक्षकाला काही विचारायचं झालं तर विचारणार कोणाला? राजाला जाब विचारता येत नाही ना!

शेअर काढा, व्यावसायिक मालक आणा. राजेसाहेबांना मानाची खुर्ची राहू द्या, छत्रचामर राहू द्या. चेकबुक तेवढं दुसऱ्याकडे जाऊ द्या.

रंकाळाकाठ

शिट्टीवाले, कोल्हापूरकराला राजवाडा आणि फुटबॉल यावर शिकवू नका हो. आमच्याकडे केएसएला (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) छत्रपती घराण्याचा आश्रय पहिल्यापासून. म्हणून पाटाकडीलची टीम न्यू पॅलेसमधून निवडली जाते का? खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, सगळ्या टीम पेठेच्या आणि तालमीच्या. घराण्याने मैदान, मान आणि वेळप्रसंगी दोन्ही बाजूंना दम द्यायचा. सेंटर फॉरवर्ड कोण खेळणार हे तालीम बघते.

कुमासीत गडबड आहे ती एवढीच, की राजवाडा तालमीत शिरलाय. म्हणून राजवाडाच नको? डोकं दुखतंय म्हणून मान कापता का?

कूपरेजची पायरी

"व्यावसायिक मालक आणा" हे वाचून हसू आलं, आणि मग नाही आलं.

आम्ही महिंद्रा युनायटेडवाले. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा कूपरेजच्या लाकडी बाकांवर नाचलो आहोत. त्या संघात घानाचाच युसुफ याकुबू होता, आधी गोव्यात चर्चिलकडे गाजलेला. पाठमोरा उभा राहून बॉल घ्यायचा आणि बचावपटूला अंगावर घेऊन असा वळायचा, की बिचाऱ्याला बॉल गेला कुठे तेच कळत नसे. पुढे 2010 ला कंपनीने ठरवलं की वरिष्ठ संघ नको. संपला. मोर्चा नाही, मतदान नाही. मुंबईने एक दिवस हळहळ व्यक्त केली आणि लोकल पकडली. पुढच्याच वर्षी पंजाबच्या जेसीटीचं तेच.

कंपनीचा क्लब ताळेबंदातली एक ओळ असतो, ओळ खोडता येते. मानहियातल्या कोणत्याही राजाला कोटोको बंद करून दाखवू दे. ज्या क्लबच्या नावात राज्याचं मानचिन्ह आहे तो बंद करणं म्हणजे स्वतःच्या घरावरची पाटी काढणं. मला तरी हाच सगळ्यात मोठा विमा वाटतो.

शिट्टीवाला

कूपरेजराव, दुखऱ्या जागी बोट लागलं, माफ करा. पण बंद पडत नाही एवढंच क्लबचं यश धरायचं का? बंद पडत नाही ते आमच्या गल्लीतलं रेशन दुकानही.

टेमाकर

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं टेमात होतो (आक्र्याच्या शेजारचं बंदर), कामासाठी कुमासीला महिन्यातून एखादी फेरी व्हायची. पुस्तकी वादात जरा डोळ्यांनी पाहिलेलं घालतो.

कुमासीत शनिवारी अंत्यविधी. बाया-माणसं लाल-काळी कापडं खांद्यावरून घेऊन रस्त्याने चाललेली असतात, तिथे लाल हा दुखवट्याचाही रंग. रविवारी त्याच रस्त्याला पुन्हा लाल, पण आता कोटोकोचा. पहिल्या वेळी मला वाटलं, केवढा मोठा माणूस गेला असेल, दुसऱ्या दिवशीही लोक संपत नाहीत! आमचा ड्रायव्हर हसून हसून गाडी बाजूला घ्यायच्या बेताला आला.

सामन्याच्या दिवशी केजेतिया बाजारापासून ट्रोट्रो (आपली वडाप म्हणा) भरून सुटतात. खिडकीतून अर्धा देह बाहेर काढलेली पोरं, "फॅबुऽऽ" (फॅब्युलस, क्लबचं लाडकं नाव) अशी आरोळी, डोक्यावर घमेलं घेऊन प्लास्टिकच्या पिशवीतलं पाणी विकणाऱ्या मुली गाडीबरोबर पळतायत. स्टेडियममध्ये 'जामा' चालू झाला, म्हणजे ढोल, घंटा आणि गाणी, की नव्वद मिनिटं खंड नाही. माझ्या शेजारी एक सुआमेचा मेकॅनिक बसला होता (सुआमे मॅगझीन म्हणजे गॅरेजांचं अख्खं गाव), नखांत अजून ग्रीस. त्याला मी शिट्टीवाल्यांचाच प्रश्न विचारला, की क्लबचा मालक कोण? तो म्हणाला, "ओटुमफुओ." आणि जरा थांबून, "पण तिकीट मी काढलंय." मग दुसऱ्या हाफमध्ये त्याने राजाने नेमलेल्या मंडळाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिल्या तर खातं बंद होईल. राजाला मात्र एक शब्द नाही.

म्हणजे जाब विचारला जातो, शिट्टीवाले. जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही, एवढंच. मी तुमच्याही बाजूचा नाही आणि त्यांच्याही.

हेमांगी_प

इतिहास कोणीच काढला नाही म्हणून मी काढते. आणि तो दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे, आधीच सांगते.

हा क्लब राजाने काढलेला नाही. 1920 च्या दशकात क्वासी कुमा नावाचा एक ड्रायव्हर आक्र्यात हार्ट्स ऑफ ओक या क्लबचा खेळ बघून भारावला, कुमासीला आला आणि एल. वाय. असामोआ या इलेक्ट्रिशियनला घेऊन त्याने संघ उभा केला. नाव रेनबो. मग अशांती युनायटेड. मग टायटॅनिक्स (जहाज बुडून एकोणीस वर्षं झाली होती, तरी!). मग मायटी अ‍ॅटम्स. नावं बदलून नशीब बदलेना. शेवटी 1935 ला राजे प्रेम्पे दुसरे यांच्या परवानगीने कोटोको हे नाव मिळालं.

आता 1935 हे साल बघा. इंग्रजांनी 1896 ला असांतेहेने प्रेम्पे पहिले यांना पकडून नेलं, पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. 1900 चं राजमाता याआ असांतेवा यांचं युद्ध हरल्यावर राज्य थेट वसाहतीत जमा. असांते संघराज्य पुन्हा उभं राहिलं ते 1935 च्या जानेवारीत. त्याच वर्षी शहराच्या क्लबला राष्ट्राचं मानचिन्ह मिळतं. ड्रायव्हर आणि वायरमनचा संघ राज्याचं निशाण होतो तो असा. राजवाड्याने क्लबला पैसा नंतर दिला असेल-नसेल, आधी नाव दिलं.

तेव्हा "राजवाडा बाजूला करा" म्हणणाऱ्यांनी ते नावही परत करायची तयारी ठेवावी. आणि "राजाचाच क्लब" म्हणणाऱ्यांनी त्या दोघांचे फोटो कुठेतरी लावावेत.

शिट्टीवाला

हेमांगीताई, हे झकास. पण नाव दिलं म्हणून ऐंशी-नव्वद वर्षं चालवायचा हक्क मिळतो का? आमच्या बारशाला आत्याने नाव ठेवलं, म्हणून माझ्या पगाराचा हिशेब ती मागत नाही.

रंकाळाकाठ

आत्या मागते हो. तुमची मागत नसेल.

हेमांगी_प

आणि राजवाड्याऐवजी सरकार हा पर्याय कोणी सुचवण्याआधीच सांगते, तो करून झालाय. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांच्या काळात 1961 ला रियल रिपब्लिकन्स नावाचा सरकारी संघ निघाला. प्रत्येक मोठ्या क्लबातले उत्तम खेळाडू उचलून त्यात घालायचे. कोटोकोचा विंगर बाबा यारा असाच गेला. 1963 ला संघाच्या बसला अपघात झाला, तो कमरेखाली लुळा पडला आणि 1969 ला वारला. आज कुमासीचं स्टेडियम त्याच्या नावाने आहे. एन्क्रुमांच्या विरोधातली मोठी चळवळ 1954 ला कुमासीतच उभी राहिली होती हे लक्षात घेतलं, की शहराला तो संघ कसा दिसला असेल ते सांगायला नको. 1966 ला सत्तापालट झाला, संघही गेला.

नेटप्रॅक्टिस

राजवाड्याच्या नावाने खडे फोडता, मग 1967 चं काय? टीपी आंग्लबेरशी अंतिम सामन्याच्या दोन्ही लढती बरोबरीत, 1-1 आणि 2-2. तिसरा सामना खेळायचा ठरला आणि कोटोको मैदानावर आलाच नाही, चषक काँगोला. कारण? तो सामना आहे हे घानाच्या फुटबॉल संघटनेने क्लबला कळवलंच नाही! यात कुठला राजा होता? तीन वर्षांनी त्याच संघाला किन्शासात जाऊन 2-1 ने हरवून चषक आणला, ते वेगळं.

शिवाय स्टेडियम क्लबचं नाही, सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचं. डागडुजीला बंद झालं की कोटोकोने बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या गावात 'घरचे' सामने खेळायचे. उद्या तुमचा शेठ आला तरी तो भाडेकरूच.

कूपरेजची पायरी

शेठवरून आठवलं. शिट्टीवाल्यांचा आदर्श शेजारीच आहे की, हार्ट्स ऑफ ओक. कोटोकोचा जन्माचा वैरी, 1911 चा, राजधानीचा. त्यांनी 2011 ला शेअर काढले. मोठे भागधारक टोग्बे आफेडे चौदावे. बँकिंगमधला माणूस, वीज प्रकल्पवाला, म्हणजे तुम्हाला हवा तसा व्यावसायिक. निकाल? 2009 नंतरची लीग थेट 2021 ला. आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये कॅसाब्लांकात विदादकडून 6-1.

आणि गंमत अशी की हे टोग्बे आफेडे स्वतः असोग्लीचे राजे आहेत! शेठ आणायला गेले आणि शेठही छत्रीखालचाच निघाला.

शिट्टीवाला

😀 हे मला माहीत होतं आणि कोणी काढू नये अशी प्रार्थना करत होतो.

पण तुमच्या उदाहरणाने माझं म्हणणं पुरतं पडत नाही. हार्ट्सने 2000 ला चॅम्पियन्स लीग जिंकली. 2004 च्या कॉन्फेडरेशन कपचा अंतिम सामना याच दोघांत झाला, आक्र्यात 1-1, कुमासीत 1-1, आणि कोटोकोच्या अंगणात पेनल्टीवर 8-7 ने हार्ट्सने चषक उचलला.

नेटप्रॅक्टिस

2000 आणि 2004. आणि शेअर कधी निघाले म्हणालात? 2011. म्हणजे चषक आधी, शेठ नंतर. स्वतःच्याच गोलात मारलात राव.

टेमाकर

हार्ट्स-कोटोको म्हणून सगळे चषक मोजताय म्हणून एक लिहितो. 9 मे 2001, आक्रा. कोटोको 1-0 पुढे होता, शेवटी हार्ट्सने दोन गोल केले. कोटोकोच्या स्टँडमधून खुर्च्या फेकल्या गेल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्याकडे धावले आणि खालचे दरवाजे बंद. 127 माणसं मेली. पोलीस अधिकाऱ्यांवर खटला झाला, ते सुटले.

त्या मेकॅनिकचा थोरला भाऊ त्या स्टँडमध्ये होता, तो वाचला. पण तेव्हापासून तो कुठल्याही स्टेडियममध्ये दरवाजाच्या बाजूलाच बसतो आणि दरवाजा उघडा आहे की नाही हे हाताने ढकलून बघतो, असं मेकॅनिकने सांगितलं. मला तरी क्लब कोणाचा या प्रश्नाआधी, दरवाजाची किल्ली कोणाकडे असते हा प्रश्न पडतो. ती ना राजाकडे होती, ना शेठकडे.

शिट्टीवाला

टेमाकर, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मूळ मुद्दा मी थोडा आखडता घेतो. राजवाडा राहू दे, नावही राहू दे. पण मंडळ नेमताना निम्मी माणसं सभासदांच्या मतांनी यावीत, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. रंकाळाकाठ, तालमीसारखं. एवढं तरी मान्य?

रंकाळाकाठ

तालमीची निवडणूक कधी पाहिलीय का तुम्ही? या एकदा शिवाजी पेठेत. मग राजाच बरा म्हणाल.