सुट्ट्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे भरायच्या, कारखान्याला की मशीनला?

भोसरी प्लॅनर: आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या कारखान्याला एकच कॅलेंडर आहे: तीन पाळ्या, गुरुवार बंद, सणवार 'अपवाद' म्हणून. मला हे चूक वाटतं. हीट ट्रीटमेंटची भट्टी गुरुवारीही चालू असते, कारण थंड करून पुन्हा तापवायची तर वेळ आणि वीज दोन्ही जातात. प्लेटिंगवाला बाहेरचा, तो रविवारी बंद. सॉफ्टवेअरने मात्र रविवारी प्लेटिंग झालं असं धरून सोमवारची तारीख काढली, मी ती गिऱ्हाइकाला कळवली आणि तोंडघशी पडलो. ज्याचं त्याचं कॅलेंडर हवंच.

जुना सुपरवायझर: साफ विरोध. पंचवीस मशीन, पंचवीस कॅलेंडरं, सांभाळणार कोण? १ मे, १५ ऑगस्ट दरवर्षी त्याच तारखेला येतात, एकदा भरले की झालं. गणपती २०२४ला ७ सप्टेंबरला बसले, २०२५ला २७ ऑगस्टला. हे सगळं दरवर्षी हाताने भरायचं. आमच्याकडे एक लेथ राहून गेलं, तर भाऊबीजेला त्याच्यावर १६ तासांचं काम लागलेलं! एकच कॅलेंडर ठेवा, बाकीचं सुपरवायझरला विचारा.

भोसरी प्लॅनर: पंचवीस कशाला? तीन पुरतात: कारखाना, भट्टी, बाहेरची कामं.

रात्रपाळी: तीन करा नाहीतर एक, आधी पाळीचं बघा. आमची तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७. १ मेची सुट्टी नुसत्या तारखेने भरली की ३० एप्रिलची पाळी कागदावर रात्री १२ला तुटते. माणसं तर ७ पर्यंत मशीनवर उभी असतात! उलट १ मेच्या रात्री १२ला प्लॅन सुरू होतो, तेव्हा शॉपमध्ये चिटपाखरू नसतं. सुट्टी १ मे सकाळी ७ ते २ मे सकाळी ७ अशीच भरा.

जुना सुपरवायझर: हे शंभर टक्के मान्य. पण खंडेनवमीचं काय? मशीन पुसायची, हार घालायचे, पूजा, प्रसाद. दुपारपर्यंत एक जॉब निघत नाही. ते शॉपमधल्या माणसालाच ठाऊक.

भोसरी प्लॅनर: खंडेनवमी पंचांगात आधीच छापलेली असते, मग ती एकाच माणसाच्या डोक्यात का ठेवायची? तोच रजेवर गेला तर? ब्रेकडाऊन आणि खाडे तुम्ही सांगा, ते आधी कळत नाहीत. पूजेची पहिली पाळी मी आजच बंद दाखवतो. फक्त भट्टी सोडून, तिला हार चालू असतानाच घालतो.