वॉर्डातला पडदा: धुवायचा की फेकायचा?

तिसरी_पाळी
नर्सिंगमध्ये ११ वर्षं झाली, त्यातली शेवटची ४ इन्फेक्शन कंट्रोलला. ६० खाटांचं खाजगी रुग्णालय, नाशिक जिल्हा. याहून जास्त पत्ता देत नाही. गेल्या बैठकीत मी मागणी मांडली की आयसीयू आणि आयसोलेशनच्या (संसर्गाचे पेशंट वेगळे ठेवतो त्या) खाटांभोवतीचे कापडी पडदे काढून डिस्पोजेबल आणावेत. हिशेबाचे साहेब म्हणाले, "सिस्टर, पडदा कोण चाटतंय?" हशा झाला, चहा आला, विषय पुढच्या महिन्यावर गेला.

चाटत कुणीच नाही, पण हात सगळे लावतात. राउंड डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर दारात सॅनिटायझर चोळतात, आत येतात, पडदा सरकवतात आणि त्याच हाताने पेशंटचं पोट तपासतात. खाटेचा कठडा आम्ही दर पाळीला पुसतो, मॉनिटरची बटणं पुसतो, सलाईनचा स्टँड पुसतो. पडदा पुसता येत नाही, म्हणून तो पुसायच्या यादीतच नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे लावलेले १३ पडदे होते, त्यातल्या १२ वर आठवड्याच्या आत रोगजंतू सापडले. कॅनडात विनिपेगच्या बर्न्स युनिटमध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात, धुऊन आणलेले पडदे टांगून पाहिले (२०१८), तर १४ व्या दिवशी बहुतेकांवर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफ जंतू. आमचे पडदे किती दिवसांनी धुतात, हे सांगायला मला लाज वाटते.

डिस्पोजेबल म्हणजे रोज फेकायचा असं नाही. न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे एका प्लास्टिकचाच असतो, लग्नात आहेराच्या पिशव्या मिळतात त्याच जातीचं कापड. वर लेबल, त्यावर टांगल्याची तारीख. आयसोलेशनचा पेशंट गेला किंवा रक्त उडालं की लगेच काढायचा, नाहीतर ठरलेल्या मुदतीला. बोला.

कोष्टी_इचलकरंजीकर
ताई, आधीच सांगतो, माझं पोट कापडावर आहे, तेव्हा माझं बोलणं चिमूटभर मीठ लावूनच घ्या. पण तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतोय. आयोवातले पडदे नवे होते ना? नवा कोरा पडदा आठवड्यात खराब होतो, तर मुदत संपेपर्यंत महिनोन्‌महिने लटकणारा डिस्पोजेबल कुठल्या तोंडाने स्वच्छ म्हणवून घेणार? जंतू काय लेबलवरची तारीख वाचतात?

कापडाचा दोष नाही, धुण्याचा आहे. ७१ अंशांच्या पाण्यात नीट धुतलं की कापड स्वच्छ होतं, रुग्णालयाच्या लाँड्रीत हे रोज चालतं. आणि अजून एक. २००० साली सिनसिनाटीत तपासलं होतं, वेगवेगळ्या कापडांवर स्टॅफ आणि एन्टेरोकोकस हे जंतू किती दिवस जगतात ते. काही ९० दिवसांच्या वर टिकले. सुतीपेक्षा पॉलिएस्टर आणि प्लास्टिकवर साधारणपणे जास्तच. तुम्ही सुती सोडून प्लास्टिककडे निघालात.

तिसरी_पाळी
काका, बरोबर नसेवर बोट ठेवलंत. मान्य, टांगल्यावर दोन्ही सारखेच मळतात. मी डिस्पोजेबल मागतेय ते कापड चांगलं म्हणून नाहीच, ते शिडीपायी.

आमचा कापडी पडदा वरच्या रुळात हुकांनी अडकवलेला आहे, एकेकाला १५-२० हुक. काढायला शिडी लागते. शिडी मेंटेनन्सची. शिडीवर चढायचं तर खाट हलवायला हवी, म्हणजे पेशंट हलवायला हवा, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पडद्यासाठी कोण हलवणार? पडदा काढणं हाउसकीपिंगचं काम की लिननचं (कापड सांभाळणाऱ्या विभागाचं), यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या आहेत. लिननवाले म्हणतात, खाली आणून द्या, आम्ही धुतो. हाउसकीपिंग म्हणतं, मावशी शिडीवर चढणार नाहीत, पडल्या तर जबाबदार कोण? (हे खरंच आहे, आमच्या मावशी पंचावन्नच्या आहेत.) मेंटेनन्स म्हणतं, आमचं काम बल्ब.

म्हणून पडदा धुतला जात नाही. लाँड्रीपर्यंत पोचला तर धुतला जाईल ना! डिस्पोजेबलचे काही प्रकार बटणाने अडकतात, एका माणसाचं काही मिनिटांचं काम. पैसे त्यासाठी मागतेय.

लेस्टरची_वहिनी
मी इथे हेल्थकेअर असिस्टंट होते. ब्रिटनमधल्या पुष्कळ रुग्णालयांत डिस्पोजेबल पडदेच असतात, साधारण सहा महिन्यांनी बदलतात, मळला तर आधी. बदलणं सोपं आहे हे सिस्टरचं म्हणणं अगदी खरं. पण लेबल माणूसच लिहितो. एका वॉर्डात मला कोरं लेबल दिसलं. विचारलं, हा कधी टांगला? उत्तर आलं, "आठवत नसेल तर आजची तारीख टाक." तिथे त्या पडद्याला पुन्हा सहा महिन्यांचं आयुष्य मिळालं!

सर्जिकल_वॉर्ड_४
तुमची चर्चा श्रीमंतांची आहे, रागावू नका. मी सरकारी रुग्णालयात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. आमच्या वॉर्डात खाटेभोवती पडदा नाहीच, छताला रूळच नाही. चाकांची तीन पाख्यांची लोखंडी स्क्रीन आहे, हिरव्या कापडाची, ४० पेशंटना मिळून दोन. एकीचं चाक मोडलंय. ड्रेसिंग आलं, आणा स्क्रीन. कॅथेटर, आणा स्क्रीन. बेडपॅन द्यायचं तर तोवर स्क्रीन तिसऱ्याकडे गेलेली असते, मग पेशंटची सून आणि नणंद चादर धरून उभ्या राहतात, तोंड दुसरीकडे करून. बाई असो की बाप्या, त्या चादरीआड माणूस किती आकसतो ते मी रोज बघतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत खाजगीपणा आणि सन्मान आहे म्हणे. लेबर रूम सुधारायला सरकारची 'लक्ष्य' योजना आल्यावर (२०१७) टेबलांमध्ये आडोसा करणं आलं, ते चांगलंच झालं. सर्जिकल वॉर्डाला कुणाचं लक्ष्य नाही. आधी आडोसा द्या, मग त्यावरचे जंतू मोजू.

तिसरी_पाळी
दादा, रागावले नाही. पण तुमची स्क्रीन माझ्या पडद्यापेक्षा धोक्याची आहे हेही सांगते. पडदा निदान एका खाटेपाशी राहतो, ती ४० खाटा फिरते. कापड काढून रेक्झिन बसवता येईल का बघा. हायपोच्या (जंतुनाशक ब्लीचच्या) फडक्याने दोन पेशंटांच्या मध्ये पुसता येते. वेल्डरपेक्षा रिक्षाची सीट शिवणारा बरा पडेल.

सर्जिकल_वॉर्ड_४
सीट शिवणारा ओळखीचा आहे. सिस्टर इनचार्जना विचारतो. परवानगी मागितली तर फाईल होईल, म्हणून आधी एकच करून दाखवतो.

उलटतपासणी
दोन्ही बाजूंना एकच प्रश्न. वर दिलेले सगळे अभ्यास कापडावरचे जंतू मोजतात. पडदे बदलल्यामुळे पेशंटला होणारी इन्फेक्शन्स कमी झाली, हे त्यात कुठे आहे? जंतू तर नोटांवरही असतात. उद्या पडद्याचा खर्च बिलात 'कन्झ्युमेबल' म्हणून येईल, विमा कंपनी तो 'नॉन-पेयेबल' म्हणून कापेल आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक खिसे चाचपत काउंटरला उभा राहील. वडिलांच्या वेळी ग्लोव्हजचे एवढे पैसे लागले होते की मला वाटलं, एखाद्या गोलकीपरला ॲडमिट केलंय. तेवढ्या पैशात प्रत्येक खाटेच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली का नको? पडद्याच्या बाहेर नाही, आत.

तिसरी_पाळी
आत बाटली हा मुद्दा मी उचलला, आभार. पडदा सरकवून झाल्यावर हात चोळले तर अर्धं काम तिथेच होतं. पण 'इन्फेक्शन कमी झाल्याचं दाखवा' या अटीवर मी कायमची हरणार. पेशंटला जंतू पडद्यावरून आला की स्टेथोस्कोपवरून, हे एकेका केसमध्ये सिद्ध कसं करायचं? तपासणाऱ्या हाताला आणि पेशंटला जोडणारी एक जागा आपण कधीच साफ करत नाही, एवढं मला पुरेसं वाटतं. बिलात मात्र हा खर्च येता कामा नये. तो झाडूपोछ्यासारखा रुग्णालयाचा आहे. तशी अट लेखी घातली जाणार असेल तरच मी मागणी पुढे रेटेन.

पिवळी_पिशवी
कचऱ्याबद्दल अजून कुणी बोललंच नाही. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे रक्ताने वा शरीरद्रवाने माखलेलं कापड पिवळ्या पिशवीत जातं, म्हणजे भट्टीत. आयसोलेशनचे पडदेही तुम्ही भीतीपोटी तिथेच टाकणार. प्लास्टिक जाळायचं आणि विषारी डायऑक्सिन हुंगायचं, हे इन्फेक्शन कंट्रोल?

कोष्टी_इचलकरंजीकर
विरोधी पक्षात असूनही इथे ताईंची बाजू घ्यावी लागतेय. डायऑक्सिनची भीती क्लोरीनवाल्या प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची. त्याच नियमांनी क्लोरीनवाल्या पिशव्या बंद करायला लावल्या त्या म्हणूनच. पॉलिप्रोपिलीनमध्ये क्लोरीन नसतं. धूर, कार्बन, वाया गेलेला माल यावर भांडा, मी तुमच्या शेजारी बसतो.

आणि ताई, तुमचं दुखणं शिडी असेल तर औषध कापडातही आहे. पडद्याची वरची जाळी रुळालाच राहू द्या, खालचं कापड बटणांनी जोडा. शिडी नको, खाट हलवायला नको. दोन जोड शिवून घ्या, एक अंगावर, एक दांडीवर. आमच्याकडे कुणीही शिवून देईल. (मी नाही, मी फक्त विणतो.)

तिसरी_पाळी
काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. बटणं हात पुरेल इतक्या उंचीवर आली पाहिजेत, आमच्या मावशी बुटक्या आहेत. मग मागणी अशी बदलते: आयसोलेशनच्या दोन खोल्यांना डिस्पोजेबल, पेशंट गेला की पडदा गेला. आयसीयूच्या ८ खाटांना बटणवाले सुती, दर सोमवारी लाँड्रीला. तारीख लेबलवर नाही, लिननच्या रजिस्टरमध्ये, दोन सह्यांनी. वहिनींचा किस्सा ऐकल्यावर लेबलवरचा विश्वास उडाला.

आज रजिस्टर उघडून पाहिलं, सध्याचे पडदे शेवटचे कधी धुतले ते. चादरी, उशांचे अभ्रे, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) गाऊन, सगळ्यांना रकाना आहे. पडद्यांना रकानाच नाही.

कोष्टी_इचलकरंजीकर
मग आधी आहेत ते तरी उतरवून धुऊन घ्या. शिडी आत्ता कुठे आहे?

तिसरी_पाळी
जनरेटरच्या खोलीत. किल्ली इलेक्ट्रिशियनकडे असते आणि तो रजेवर आहे.