मदत हवी आहे: डायनो सकाळी एक एचपी दाखवते अन् दुपारी दुसरंच

पूर्णाकाठचा_मिस्त्री
राजेहो अर्जंट आहे. एकच ट्रॅक्टर डायनोवर (एचपी मोजायच्या मशीनवर) सकाळी ३८ दाखवते, दुपारी ३१, अन् संध्याकाळी परत ३६-३७. मधात ट्रॅक्टरले हात लावला नाही, डिझेल तेच, चालवणारा तोच. डिझेलचा पंप म्या स्वतः खोलून बसवला आहे, त्याच्यात काही नाही. गिऱ्हाईक दुपारचा आकडा पाहून म्हणते तुमीच पंप बिघडवला, पैसे देत नाही. पेरणी तोंडावर आली, दारात ट्रॅक्टरची रांग लागली अन् ज्याच्याकडून मशीन घेतली थो फोन उचलून नाही राह्यला. कॅलिब्रेशन, म्हणजे वजन लावून आकडा जुळवणं, केलेलं आहे, ते सांगू नका. काय पाहू ते लवकर सांगा.

निखिल_पुणे
कोणता डायनो? चाकं रोलरवर ठेवायचा की पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टला) जोडायचा? लोड लावायला ब्रेक कोणता, विजेवरचा एडी करंट की पाण्याचा? लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) किती किलोचा? एवढ्या माहितीवर कोणीच काही सांगू शकणार नाही.

कास्तकार_तेल्हारा
यात इचारायचं काय हाय भाऊ. बाहेर ४५ डिग्री चालू हाय, माणूस दुपारी काम नाही करत तर इंजिन कुठून करीन. हवा पातळ होते, डिझेल गरम होते. माह्या ट्रॅक्टरचं बी असंच होतं, एअर क्लीनर बदललं अन् सुधारलं. एअर क्लीनर बदला, सोडा बाकी.

बोलेरोप्रेमी
सर माझी बोलेरो १२ च्या वर अॅव्हरेज देत नाही, डायनोवर लावून पाहिलं तर कळेल का? किती घेता?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
@निखिल पीटीओचाच ना, ट्रॅक्टर गॅरेज म्हटल्यावर अजून कोणता राहीन. पाण्याचा ब्रेक आहे. सेल २०० किलोचा. जुनीच मशीन घेतली पण चालू होती घेतली तवा.
@तेल्हारा एअर क्लीनर नवीन आहे.
@बोलेरो नाही.

करंटवाला_मूर्तिजापूर
व्होल्टेज पाहा पहिले. आमच्याकडं दुपारी १७० वर येते. स्टॅबिलायझर लावा, अर्धी दुनिया सुधरते. मी विकतो, पाहिजे असल्यास सांगा.

निदेशक_सेवानिवृत्त
व्होल्टेज पडलं तर बोअरची मोटर ढिली पडेल, ब्रेकमध्ये पाण्याचा दाब हलेल आणि आरपीएम वरखाली नाचेल. पण त्याने आकडा सरसकट ७ एचपी खाली जाऊन स्थिर बसणार नाही. मिस्त्री, आकडा नाचतो की स्थिर राहतो? आणि ब्रेकच्या मध्यापासून सेलपर्यंतच्या आर्मची लांबी किती?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
स्थिर राह्यते सर. तेच तर. नाचला असता तर समजलं असतं. आर्म ७१६ मिमी लिहिलं आहे प्लेटवर.

जय_जवान_४५
४५ एचपीच्या ट्रॅक्टरनं ४५ दाखवाले पाह्यजे. ३८ दाखवते म्हणजे सकाळी बी मशीन खोटंच बोलून राह्यली.

निखिल_पुणे
४५ हा इंजिनचा आकडा आहे हो. पीटीओपर्यंत येताना गिअरमध्ये जातं काही. ट्रॅक्टर तपासणाऱ्या बुदनीच्या (मध्य प्रदेश) केंद्रीय संस्थेचे टेस्ट रिपोर्ट पाहा, पीटीओची पॉवर त्यात मोजून दिलेली असते. ४५ च्या गाडीला ३८ अगदी बरोबर आहे.

जय_जवान_४५
म्हणजे कंपनी फसवते.

निदेशक_सेवानिवृत्त
कोणी फसवत नाही, मोजायची जागा वेगळी आहे. असो. ७१६ मिमीचा आर्म मुद्दाम असतो. टॉर्क (फिरवायचा जोर) किलोग्रॅम-मीटरमध्ये घेतला की आरपीएमने गुणून ७१६ ने भागायचं, एचपी आलं. आर्मच ०.७१६ मीटरचा ठेवला की किलो गुणिले आरपीएम भागिले १०००, गणित तोंडी होतं. ५४० आरपीएमला ३८ एचपी म्हणजे सेलवर साधारण ७० किलो यायला हवेत. आता सांगा, दुपारी पाणी बंद, पीटीओ बंद, मशीन रिकामी, तेव्हा डिस्प्ले किती किलो दाखवतो? आणि कॅलिब्रेशन कशाने केलं होतं?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
सिमेंटच्या पोत्यानं. ५० किलो छापलेलं असते त्याच्यावर. झिरो रोज सकाळी करतो. दुपारी रिकाम्यावर आता पाह्यलं, वजा ६ दाखवून राह्यलं.

अडत्या_अकोट
पोत्यानं कॅलिब्रेशन?? भाऊ माह्या दुकानात या, २० किलोची लोखंडी मापं आहेत, वैधमापनचा शिक्का आहे त्याच्यावर. पोतं ४९ बी भरते अन् ५१ बी. कापसाच्या काट्यावर असं केलं तर कास्तकार झोडपतीन.

कास्तकार_तेल्हारा
अडते कवापासून वजनाबद्दल बोलाले लागले 😄

अडत्या_अकोट
तुमी तुरीत माती आणता तवा नाही बोलत आमी.

निदेशक_सेवानिवृत्त
मापं आणाच. पण पोतं किलोभर चुकलं असेल तर ते सकाळी आणि दुपारी सारखंच चुकेल, सात एचपीचा फरक पोत्याने पडत नाही. खरी गोष्ट ते वजा ६ आहे. सहा किलो गुणिले ५४०, म्हणजे सव्वातीन एचपी तिथेच गेले. नैसर्गिक हवेवर चालणारं (टर्बो नसलेलं) डिझेल इंजिन ४५ डिग्रीला दीड-दोन एचपी सोडतं, तेल्हाऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. उरलेले दोन शोधायचे आहेत. पाणी कुठलं वापरता?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
बोअरचं. खारं. दर्यापूरले दुसरं कोणतं भेटते.

निदेशक_सेवानिवृत्त
वाटलंच. सेलचा कनेक्टर पाण्याच्या होजजवळ आहे का?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
बरोबर खाली आहे.

निदेशक_सेवानिवृत्त
मग बघा. दहा व्होल्ट दिले तर असा सेल पूर्ण २०० किलोला बहुतेक २० मिलिव्होल्टच देतो. सहा किलो म्हणजे ०.६ मिलिव्होल्ट. प्लगवर खाऱ्या पाण्याचा थेंब उडून वाळला, पुन्हा वाफ लागली, की पिनेतून पिनेत एवढी गळती आरामात होते. रात्रभर वाळतं म्हणून सकाळी झिरो नीट बसतो. सप्लाय बंद करा, प्लग दोन्हीकडून सोडवा आणि नुसत्या प्लगच्या पिना-पिनांमध्ये मल्टीमीटर सगळ्यात वरच्या रेंजवर लावा. काहीच दाखवायला नको. मेगर (जास्त व्होल्टेजने गळती तपासायचं मीटर) लावू नका, सेलला तर अजिबात नाही, आतल्या गेज, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक पट्ट्या, जातील.

करंटवाला_मूर्तिजापूर
डब्ल्यूडी-४० मारा, सुटला इषय.

निदेशक_सेवानिवृत्त
मीठ तेलात विरघळत नाही. आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने ब्रश मारून धुवायचं, मग स्पिरिट, मग सुकवायचं.

खारपाण_१९
आमच्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यानं बादलीले पांढरी खपली धरते, तुमी मशीनमधी टाकता. ब्रेकच्या आत बी क्षार बसला अशीन. शेततळ्याचं पाणी टाकीत साठवा अन् तेच फिरवा, थंड करून.

कास्तकार_तेल्हारा
शेततळ्यात पाणी मे महिन्यात? कोणत्या तालुक्यात राहता?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
प्लग खोलला. लाल अन् हिरव्या वायरच्या पिनेत दीड मेगाओहम दाखवते. पिनांवर हिरवट काजळी अन् त्याच्यावर पांढरं मीठ, नखानं निघते. धुतला, सुकवला, होजच्या दुसऱ्या बाजूनं वर बांधला. दुपारी रिकाम्यावर आता वजा अर्धा किलो. त्याच ट्रॅक्टरवर ३४ आलं. गिऱ्हाईक अजून बी ऐकत नाही म्हणा.

निदेशक_सेवानिवृत्त
छान. आता अकोटहून मापं आणा. २०, ४०, ६० असं चढवत जा, तसंच उतरवत या. दोन्ही वेळचे आकडे इथे लिहा.

पूर्णाकाठचा_मिस्त्री
चढवताना ४० ले ३८ दाखवते, उतरवताना ४० ले ४२. ६० ले ५७ होतं. सेल गेला काय?

निखिल_पुणे
सेल बदला, दोन-चार हजारात येतो.

निदेशक_सेवानिवृत्त
सेल नाही. चढताना कमी आणि उतरताना जास्त, हे घासण्याचं लक्षण आहे. ब्रेकची बॉडी ज्या बेअरिंगवर मोकळी झुलायला हवी ती क्षाराने जाम असेल, नाहीतर पाण्याचा होज ताठ होऊन बॉडीला धरून ठेवत असेल. जितकं वजन हे अडवतं तितकं सेलपर्यंत पोचतच नाही. तुमचे उरलेले दोन एचपी इथेच असावेत. दोन्ही होज काढून मापं पुन्हा चढवा, फरक गेला तर होज, राहिला तर बेअरिंग.

बोलेरोप्रेमी
सर मग बोलेरोचं कुठे दाखवू?

पूर्णाकाठचा_मिस्त्री
होज काढून पाह्यलं, ४० ले चढताना ३९.५, उतरताना ४०.५. म्हणजे होजच. लोखंडी तारेचा जाड होज टाकला होता मागच्या मालकानं. दर्यापुरात नरम होज भेटला नाही, अकोल्यात कोणत्या दुकानात भेटीन? रविवारी उघडं असते काय?