‘टेक’ (take) या इंग्रजी शब्दाने तुम्हाला कुठे अडवलं? अनुभव सांगा

मी पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत 26 वर्षं इंग्रजी शिकवते आहे. गेल्या महिन्यात दहावीतल्या एका मुलीची वही तपासत होते. तिने लिहिलं होतं, ‘माय सिस्टर इज गिव्हिंग हर एग्झॅम अँड मॅडम इज टेकिंग इट.’ लाल पेन उचललं आणि हात थांबला. मराठी मनाने वाक्य चोख आहे. विद्यार्थी परीक्षा देतो, बाई घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. नुसती फुली मारली असती तर तिला वाटलं असतं की व्याकरण चुकलं. व्याकरण ठीक होतं, देणारा-घेणारा कोण हे दोन भाषांनी वेगवेगळं ठरवलंय. मी तिला सांगितलं, आपण उत्तरपत्रिका देतो म्हणून ‘देणं’ लक्षात ठेव, इंग्रजीत प्रश्नपत्रिका हातात घेतात म्हणून ‘घेणं’. ही माझी लक्षात ठेवायची युक्ती, भाषेचा इतिहास नव्हे. पण तिला पटली.

मुलं मोठे शब्द घोकून पाठ करतात. ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘रन’ असल्या लहान शब्दांपाशी मात्र अडतात, आणि त्यांना वाटतं की आपल्याला इंग्रजी येतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषाअभ्यासकांनी 1930 मध्ये 850 शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं, त्यात क्रियापदं फक्त 18 ठेवली. त्या 18 मध्ये ‘टेक’ आहे. एवढ्या थोड्या शब्दांवर सगळी भाषा चालवायची म्हणजे एकेकाच्या पाठीवर किती ओझं येत असेल!

तर तुमचे प्रसंग सांगा. अर्थांची यादी नको, ती कोशात मिळते. कोण काय बोललं, तुम्हाला काय वाटलं आणि खरं काय होतं, एवढं लिहा.

हिंजवडीहून, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा

पहिली नोकरी, तिसरा महिना. फोनवर अमेरिकेतला ग्राहक म्हणाला, ‘आय टेक इट यू हॅव टेस्टेड धिस.’ मी ऐकलं ते एवढंच: ‘टेक’ आणि ‘टेस्ट’. वाटलं, काम अंगावर घेतोस का म्हणून विचारतायत. मी म्हणालो, ‘येस, आय विल टेक इट.’ पलीकडे शांतता. तपासणी तर आदल्याच दिवशी पूर्ण झाली होती, पण माझ्या उत्तरावरून त्यांनी समजून घेतलं की अजून व्हायची आहे, आणि पुढचं काम दोन दिवस थांबवलं.

आमच्या वरिष्ठ मॅडमनी मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आपण “मी असं धरून चालतो” म्हणतो ना, ते “आय टेक इट”. आपण धरतो, ते घेतात.’ त्या दिवसापासून कळलं नाही की मी तिथल्या तिथे विचारतो. ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’ म्हणजे बैठक संपल्यावर दोघांत बोलू, हे असंच विचारून कळलं.

मूळची कर्वेनगरची, 11 वर्षं इंग्लंडमध्ये परिचारिका, आता पुन्हा पुण्यात

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात माझा दुसरा आठवडा होता. एका आजोबांच्या पोटरीवर त्यांच्याच मांडीची कातडी काढून लावली होती. पाचव्या दिवशी सर्जननी पट्टी उघडली, वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘इट्स टेकन.’ माझ्या पोटात धस्स झालं. काय नेलं? कुणी काढलं? मी हातात ट्रे घेऊन उभी, आणि आजोबांची बायको हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती माझ्याकडे वळली तर चेहरा आनंदाने फुललेला.

मग आमच्या सिस्टरनी मला शेजारी उभं करून दाखवलं. लावलेली कातडी कडेपर्यंत गुलाबी. हलकं दाबलं की फिकट होते आणि बोट उचललं की रंग परत भरतो. खालच्या जखमेवरून सरकत नाही. पहिले एकदोन दिवस ती खालून पाझरणाऱ्या द्रवावर तगते, मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्याशी जोडल्या जातात. ते झालं की ‘टेकन’. काय घेतलं हे सांगायचंच नसतं, वाक्याला कर्मच नाही. आणि नाही झालं तर कातडी काळपट पडून सुटून येते, आणि रुग्णाला कदाचित पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. त्या दोन शब्दांत ती बाई का रडली ते मला तेव्हा कळलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, ‘म्हणजे कलम धरलं म्हण की.’ आमच्या मागच्या दारी डोळा भरलेले गुलाब होते, रोज सकाळी ती वाकून बघायची. मी परदेशात जाऊन शिकले तो अर्थ माझ्या आईच्या तोंडी आयुष्यभर होता.

वॉर्डातलं बाकीचं थोडक्यात: रुग्णाचं टेंपरेचर ‘टेक’ करतात, आपण ताप बघतो. रक्त ‘टेक’ करतात, आपण काढतो. माणूस ‘टेकन इल’ होतो, आपण आजारी पडतो.

सोलापूर रस्त्यावरून, रोपवाटिकेवाला

ताई, तुमच्या आईंचं शंभर टक्के बरोबर. आम्हीही कलम ‘धरलं’ म्हणतो. आंब्याचं पाचर कलम करताना खुंट (खालचं मुळं असलेलं रोप) मधोमध चिरतो, वर लावायच्या काडीला पाचरीसारखा काप देतो आणि आत बसवून पट्टी आवळतो. सालीच्या आत जो ओला हिरवट थर असतो, तो खुंटाचा आणि काडीचा निदान एका बाजूला तरी एकमेकाला भिडलाच पाहिजे. काडी जाड आणि खुंट बारीक असेल तर एका बाजूची साल जुळवून घ्यायची, मध्यावर बसवायच्या नादात दोन्ही बाजू जातात. काडीवरचे डोळे हिरवे राहून फुगायला लागले की धरलं. नाही धरलं तर काडी काळी पडून वाळते. कातडीचंही हेच ऐकून अंगावर काटा आला.

लक्ष्मी रस्त्याजवळून, ब्लाऊज शिवणारी

दिवाळीत परदेशातल्या लेकी-सुना येतात, तेव्हा माझ्याकडे हे शब्द रोज असतात. एका मुलीने ब्लाऊज पुढ्यात टाकला आणि म्हणाली, ‘टेक इट इन.’ मी ब्लाऊज उचलून आतल्या कपाटात ठेवला. ती बघतच राहिली. तिला तो बाजूंनी आत घ्यायचा होता, म्हणजे आणखी एक टीप मारून घट्ट करायचा. परकरासाठी म्हणाली ‘टेक इट अप’, म्हणजे खालून दुमडून आखूड करायचा. आता मी विचारते, ‘आत की आखूड?’

सैल करायचा असेल तर मात्र त्या ‘टेक’ म्हणत नाहीत, ‘लेट आउट’ म्हणतात. ते आत माया असेल तरच जमतं. शिलाईच्या आत जास्तीचं कापड राखतो त्याला आम्ही माया म्हणतो. तयार कपड्यात हल्ली मायाच नसते, आत बोटभरही कापड सापडत नाही. त्या मुलीला मी उलटून दाखवलं, दोन्ही बाजूंना इंच-इंच माया. तिने विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, ते तू सांग, पण आमचा शब्द विसरू नकोस.

बुद्धिबळ शिकवणारा, सहकारनगर

‘नाइट टेक्स पॉन.’ आम्ही म्हणतो घोड्याने प्यादं मारलं. नवी मुलं इंग्रजी पुस्तक उघडून विचारतात, सर, घेऊन कुठे नेलं? मी एकदा मोहरं उचलून बाजूला ठेवून दाखवतो, मग पुन्हा विचारत नाहीत.

जर्मन शिकलेली, कोथरूड

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना ‘नेहमेन’ म्हणजे घेणे हे आलं तेव्हा मला वाटलं, इंग्रजीपेक्षा किती वेगळा शब्द! सरांनी सांगितलं की जुन्या इंग्रजीतही घेण्याला ‘निमान’ असंच होतं. ‘टेक’ हा नंतर आलेला पाहुणा, व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या ‘टाका’पासून. त्याने हळूहळू घरच्या शब्दाला बाहेर काढलं. पण ‘निमान’ची एक खूण उरली: ‘नम’, म्हणजे बधिर. मुळात अर्थ ‘घेतला गेलेला’, ज्याची संवेदना हिरावली गेली तो. पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत सुई टोचून घेताना मला तो जुना शब्द तोंडात आहे असं वाटत होतं.

(धागा सुरू करणाऱ्या बाई)

हे उद्याच वर्गात सांगणार. शब्दाचे अर्थ कोणत्या क्रमाने बदलत गेले हे नोंदवणारं काम आपल्याकडे येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात चालू आहे. संस्कृतच्या महाकोशाचं काम 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं, पहिला खंड 1976 मध्ये निघाला. लाखो चिठ्ठ्या तिथे कपाटांतून लावून ठेवल्या आहेत. दहावीच्या मुलांना एकदा तरी तिथे न्यावं असं मनात आहे. एकेका शब्दामागे किती माणसांचे हात असतात ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

बँकेतून निवृत्त, सदाशिव पेठ

मुलगा कॅनडात असतो, सून तिकडचीच. बाळंतपणानंतर ती तिसऱ्या आठवड्यात कामाला लागली, म्हणून मी जरा स्पष्ट लिहिलं की विश्रांती घे, शरीर पुन्हा मिळत नाही. तिचं उत्तर आलं, ‘आय हॅव टेकन युअर वर्ड्स टू हार्ट.’ माझ्या डोळ्यांसमोर एकच अर्थ: पोरीने मनाला लावून घेतलं. रात्रभर झोप नाही. सौ. म्हणाली, तुम्हाला सांगत होते, लिहू नका. पहाटे चार वाजता उठून मी माफीचं पत्र लिहिलं.

मुलाचा लगेच फोन. ‘बाबा, ती दुखावली नाहीये. तिने मनावर घेतलंय. रजा वाढवली.’ मनावर घेणं आणि मनाला लावून घेणं, आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी. इंग्रजीत दोन्हींना तेच शब्द चालतात, आजूबाजूचं बघून ओळखायचं. सुनेला मी हा फरक समजावून सांगितला. तिने तो वहीत मराठीत उतरवून घेतला आणि आता काही बोललो की विचारते, ‘बाबा, मनावर की मनाला?’

कसब्यातून

माझी आजी 84 वर्षांची, इंग्रजी चार शब्दांपुरतं. मावसबहिणीच्या बाळाला अमेरिकेतून व्हिडिओवर दाखवत होते. मागून शेजारीण म्हणाली, ‘ही टेक्स आफ्टर हिज ग्रेट-ग्रँडफादर.’ आजीने ‘ग्रँडफादर’ ओळखलं, ‘आफ्टर’ ओळखलं. आजोबा जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. ती एकदम ताठ बसली आणि माझा हात धरला. ‘ह्यांच्या मागे काय? बाळाला काय झालं?’

मी सांगितलं, आजी, ती म्हणतेय बाळ आजोबांवर गेलंय.

आजीने चष्मा पुसला आणि फोन जवळ ओढला. ‘मग तसं सांगावं ना. कपाळ बघ की, ह्यांचंच आहे.’