शब्दचर्चा: बर्लेस्क, कंट्री आणि हॅलोवीनची रात्र

(‘प्रस्ताव’मध्ये प्रश्न आहे. बाकीची शीर्षकं म्हणजे उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं.)

प्रस्ताव

ऑस्टिन, नॅशव्हिल अशा अमेरिकन शहरांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री कंट्री बँड आणि बर्लेस्क (थट्टा-विनोद करत कपडे उतरवण्याचा रंगमंचावरचा खेळ) एकाच रंगमंचावर आणणारे कार्यक्रम होतात. बँडची दोन सत्रं, त्यांच्या अधेमध्ये चार-पाच बर्लेस्कचे प्रवेश, आणि प्रेक्षकही वेष करून आलेले. तिथल्या मराठी मंडळींसाठी अशा कार्यक्रमाची ओळख लिहायची झाली तर बर्लेस्क, कंट्री, लाइव्ह, कॉस्च्यूम, टीझ, व्हँप, टॅसल हे शब्द अडतात. बर्लेस्कला ‘तमाशा’ आणि कंट्रीला ‘लोकसंगीत’ म्हटलेलं चालेल का? प्रवेशात नेमकं काय होतं तेही कळलं, तर शब्द निवडता येतील.

कोशवाचक

आधी बर्लेस्क. इटालियनमध्ये ‘बुर्ला’ म्हणजे थट्टा. त्यावरून ‘बुर्लेस्को’, आणि फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत गेला. सतराव्या शतकात तो साहित्यातला शब्द होता: भारदस्त विषय मुद्दाम हलक्या भाषेत मांडायचा, किंवा क्षुल्लक विषयाला भारदस्त भाषा चढवायची. या अर्थाला आपला ‘विडंबन’ शब्द अचूक बसतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर ऑपेरांची, शेक्सपिअरच्या नाटकांची गाण्यांसह विडंबनं होऊ लागली. त्यांत तरुण पुरुषांच्या भूमिका घट्ट विजारी घातलेल्या स्त्रिया करत. १८६८ मध्ये इंग्लिश नटी लिडिया थॉम्पसनची मंडळी न्यू यॉर्कला आली, आणि अमेरिकेत या शब्दाचा अर्थ सरकायला लागला. विडंबन मागे पडलं, नटी पुढे आल्या. विसाव्या शतकात विनोदवीर आणि स्ट्रिपटीज (एकेक कपडा उतरवत केलेला नाच) मिळून जो खेळ व्हायचा, त्यालाच लोक बर्लेस्क म्हणू लागले.

१९३७ मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत न्यू यॉर्कने या नाट्यगृहांचे परवाने रोखले. पुढे काही नाट्यगृहं उघडली, पण पाटीवर ‘बर्लेस्क’ हा शब्द लिहायला मनाई होती. आज ऑस्टिनमध्ये दिसतो तो १९९० च्या दशकात पुन्हा रुजलेला प्रकार आहे. त्याला निओ-बर्लेस्क म्हणतात, आणि त्यात विडंबन बरंचसं परत आलेलं आहे.

म्हणून लेख कोणत्या काळाबद्दल आहे ते पाहा. १८५० च्या लंडनबद्दल असेल तर ‘विडंबननाट्य’ लिहा. विसाव्या शतकानंतरच्या अमेरिकेबद्दल असेल तर ‘बर्लेस्क’च ठेवा. पुल्लिंगी वापरा: कॅबरे झाला, ऑपेरा झाला, तसा बर्लेस्क झाला. कॅबरे मात्र वेगळा. त्या शब्दाचा फ्रेंचमधला मूळ अर्थ दारूचा गुत्ता. म्हणजे कॅबरे हे मुळात जागेचं नाव आहे आणि बर्लेस्क हे खेळाचं. हिंदी सिनेमामुळे आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

फडावरचा

तमाशा न म्हणता ‘बर्लेस्क’च ठेवा, याला माझा पूर्ण दुजोरा. कारण नीट सांगतो, नाहीतर तमाशा हलका म्हणून नको असं कुणाला वाटेल. तमाशाला स्वतःची रचना आहे: गण, गवळण, बतावणी, वग. बर्लेस्कचा एक प्रवेश म्हणजे एक गाणं, तीन ते सहा मिनिटांत सुरुवात, मध्य आणि शेवट. दोन्हींचा सांगाडाच वेगळा. लावणीचीही तीच गोष्ट. लावणी नऊवारी, चाळ, शेला असं सगळं अंगावर ठेवून, डोळे आणि हात यांच्या अदाकारीवर उभी राहते. बर्लेस्कचं कथानक कपडा उतरवण्याच्या क्रमातून पुढे जातं. ‘अमेरिकन लावणी’ असं लिहिलंत तर दोन्हींवर अन्याय होईल.

साम्य आहे ते विनोदात. जुन्या अमेरिकन बर्लेस्कमध्ये ढगळ विजारीतला विनोदवीर असायचा. ठरलेल्या सांगाड्यावर तो ऐन वेळी संवाद रचायचा, आणि शहर बदललं की कोट्या बदलायचा. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही अमेरिकन सिनेमातली विनोदी जोडी तिथूनच पुढे आली. त्या पात्राला ‘सोंगाड्या’ हा शब्द खुशाल वापरा, काम तेच आहे.

‘टीझ’साठी ‘हुलकावणी’. प्रेक्षकाला वाटतं आता हातमोजा निघणार, आणि कलाकार हात मागे घेते. चिडवणं, डिवचणं, छेडणं यांपैकी एकाही शब्दात ती दिशाभूल नाही, हुलकावणीत ती आहे.

पट्टी पांढरी पाच

कंट्रीला ‘लोकसंगीत’ म्हणू नये, आणि याचा पुरावा त्यांच्याच इतिहासात आहे. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या या संगीताला ‘हिलबिली’ म्हणत, आणि त्यात तुच्छता होती. बिलबोर्ड मासिकाच्या यादीला पुढे ‘फोक’ म्हणजे लोकसंगीत हे नाव होतं, ते बदलून १९४९ मध्ये ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं. जे नाव त्यांनी टाकलं तेच आपण भाषांतरात परत आणायचं का? शिवाय हे संगीत पहिल्यापासून ध्वनिमुद्रिका आणि रेडिओच्या धंद्यात वाढलं. १९२५ मध्ये नॅशव्हिलला डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर सुरू झालेला कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीर यांनी जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांची गाणी मुद्रित केली. लेखक-गायकांची नावं ठाऊक असलेलं हे संगीत आहे. ‘ग्रामीण संगीत’ही फसवं आहे. ‘कंट्री’ एवढंच सुटं लिहू नका, महाराष्ट्रात त्याचा अर्थ देशी दारू होतो. ‘कंट्री संगीत’ असं जोडूनच लिहा.

‘लाइव्ह’ला ‘थेट’ नको. थेट म्हणजे प्रक्षेपण. इथे मुद्दा असा की गाणं ध्वनिफितीवर नाही, वादक समोर बसून वाजवताहेत. ‘प्रत्यक्ष वादन’ लिहा, किंवा सरळ लाइव्ह.

आता वाद्यांचे शब्द. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची तऱ्हा निराळी. पेडल स्टीलला हवाइयन गिटारची पुढची पिढी म्हणता येईल. आडवी ठेवलेली दहा तारांची पट्टी, डाव्या हातात पोलादी कांडी, आणि पायाखालची पेडलं आणि गुडघ्याजवळच्या दांड्या यांनी वादन चालू असतानाच तारा ताणल्या किंवा सैल केल्या जातात. कंट्रीत ओळखू येणारी ती रडवेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यातूनच येते. तिला ‘मींड’च म्हणा. ‘ट्वँग’ला गिटारच्या बाबतीत ‘टणत्कार’ शोभतो, धनुष्याच्या दोरीचा असतो तसा. तार घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ) छेडली की तो मिळतो. गायकाच्या गळ्यातला ट्वँग मात्र ‘नाकातला स्वर’.

‘की’ला, म्हणजे गाण्याच्या आधारसुराला, ‘पट्टी’ म्हणायला अनेकजण बिचकतात, पण आपल्या पेटीवाल्यांची भाषा इथे चोख चालते. बँजो बहुधा ‘जी’ (G) सुरात लावलेला असतो, ती आपली पांढरी पाच. कंट्रीवाल्यांना एरवी पट्टीचं नावही घ्यावं लागत नाही. नॅशव्हिलमध्ये आकड्यांची पद्धत आहे: एक, चार, पाच असे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आकड्यांनी सांगायचे. पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. सा, म, प यांवर उभ्या असलेल्या कॉर्डना दिलेली ही नावं आहेत असं सांगा, मराठी वाचकाला एका वाक्यात कळेल.

‘व्हँप’ हा या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. ध्वनिफितीवर नाचताना हातमोजा अडकला तर गाणं पुढे निघून जातं. बँड असेल तर तो एक किंवा दोन कॉर्डवर थांबून तोच तुकडा फिरवत राहतो, कलाकार मोकळी होऊन खूण करते, मग गाणं पुढे सरकतं. ढोलकीवाला नेमकं हेच करतो, म्हणून ‘ठेका फिरता ठेवणे’ असा शब्दप्रयोग सुचवतो. खूण कोणती ते तालमीतच ठरवावं: डोक्यावर उंच हात, किंवा ड्रमवाल्याकडे वळून मान. खूण ठरलेली नसेल तर निम्मा बँड पुढे जातो आणि निम्मा मागे राहतो. कमरेच्या झटक्यावर ड्रमचा ठोका पडायला हवा, त्यासाठी ड्रमवाल्याला कलाकाराची कंबर दिसेल अशी बैठक हवी. पेडल स्टील मध्ये मांडलं तर त्याची नजर अडते. लयीचंही भान ठेवा. दोन-पावली नाचाची कंट्री गाणी धावती असतात, त्यांवर हुलकावणीला जागाच उरत नाही. बर्लेस्कला मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोक्यांची संथ, झोका घेणारी लय द्या, किंवा तीन मात्रांचं वॉल्ट्झ. हॅलोवीनला खुनाची कथागीतं शोभतात, कंट्रीत त्यांची मोठी परंपरा आहे. त्यांना ‘पोवाडा’ म्हणू नका. पोवाड्यात पराक्रम असतो, इथे अपराध आणि पश्चात्ताप असतो.

रंगपट

वेषभूषेचे शब्द आपल्या शिंप्यांकडे आणि रंगभूषाकारांकडे तयार आहेत, इंग्रजीकडे जायची फारशी गरज नाही.

टॅसल म्हणजे गोंडा. स्तनाग्रं झाकणाऱ्या ज्या चकत्यांवर हे गोंडे लावतात त्यांना इंग्रजीत पेस्टी म्हणतात. ‘गोंडेदार चकत्या’ हे पुरेसं स्पष्ट आहे आणि वाचायला अवघडही नाही. या चकत्या केवळ शोभेसाठी नसतात. जिथे दारू विकली जाते तिथे तेवढा भाग झाकलेला हवा असे नियम अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत. गोंडा नीट गरगरायचा तर चकती सपाट नको, थोडी शंकूसारखी हवी. गोंडा टोकाला फिरत्या कडीने जोडावा, त्यासाठी मासेमारीच्या गळाची कडी चालते. दोऱ्याने शिवला तर पीळ पडतो आणि तो थांबतो. गोंड्याच्या टोकाला जरा वजन हवं, एकेक मणी ओवला तरी पुरतो.

चिकटवायला स्पिरिट गम, आपल्या नाटकात मिशा चिकटवतात तोच. त्वचेवर तेल किंवा क्रीम असेल तर तो धरत नाही. स्पिरिटने पुसून जागा कोरडी करायची, गमचा पातळ थर द्यायचा, बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबायचं आणि मगच चकती दाबायची. ओल्यावर दाबली तर घामाने घसरते. आधी एखाद दिवस कोपराच्या आत थोडासा लावून बघावा, काहींना पुरळ येतं. कार्यक्रमानंतर ओढून काढू नये, त्याचा वेगळा द्रव मिळतो त्याने सोडवावा.

‘रिव्हील’ला, म्हणजे कपडा उतरवून खालचं दाखवण्याच्या क्षणाला, मी ‘उलगडा’ म्हणेन. तो फसतो बहुधा बंदांमुळे. वेल्क्रोचा आवाज माइकमध्ये येतो आणि वेल्क्रो जाळीच्या कापडाला धरतो. बारीक हुक अंधारात, हातमोजे घालून सुटत नाहीत. टिचबटणं सगळ्यात बरी, पण ताण पडेल तिथे नकोत, नाचताना आपोआप उघडतात. तिथे मोठा हुक घाला. चेन असेल तर तिच्या टोकाला बोटभर फीत बांधा म्हणजे पाठीमागे हात पोचतो. उतरवण्याचा क्रम आधी कागदावर लिहायचा आणि उलट क्रमाने कपडे घालायचे. बुटाला पट्टा असेल तर मोजे कधी उतरायचे हा प्रश्न हमखास येतो: एक तर बूट आधी, किंवा मोजे शेवटपर्यंत पायातच. साटीनचे कोपरावरचे हातमोजे घामाने चिकटतात. आत टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि प्रवेशाआधी विंगेत प्रत्येक बोटाचं टोक किंचित सैल करून ठेवावं.

जमिनीवर पडलेले कपडे उचलणाऱ्या मदतनिसाला इंग्रजीत ‘स्टेज किटन’ म्हणतात. याचं शब्दशः भाषांतर करू नका, ‘आवरणारी’ लिहा. तिचं काम महत्त्वाचं आहे. गळलेली पिसं, सुटे खडे, चमकी हे सगळं पुढच्या कलाकाराच्या टाचेखाली येतं. त्यातच बँडच्या वायरी पडलेल्या असतात. त्या कापडी चिकटपट्टीने पूर्ण लांबीभर झाकाव्यात, तुकड्यातुकड्यांनी नव्हे. स्मोक मशीन वापरलं तर त्याचा बारीक थर फरशीवर बसून ती निसरडी होते, म्हणून ते बँडच्या सत्रात वापरावं, बर्लेस्कच्या आधी नाही. खोटं रक्त शेवटच्या प्रवेशातच. साखरेच्या पाकातलं असेल तर फरशी चिकट होते आणि साटीनवरचा डाग जात नाही.

कोशवाचक

हॅलोवीनबद्दल थोडं. ‘हॅलो’चा अभिवादनाशी संबंध नाही. तो शब्द संतांसाठी आहे आणि ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. म्हणून ‘वी’ दीर्घ लिहावा. ‘अमेरिकन सर्वपित्री’ हे वर्तमानपत्री वर्णन टाळा. पितरांची आठवण २ नोव्हेंबरला असते, वसईतले आणि गोव्यातले ख्रिस्ती त्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, आणि त्या दिवसाचा भाव अगदी निराळा आहे.

फडावरचा

कॉस्च्यूमला ‘सोंग’. ‘फॅन्सी ड्रेस’मध्ये फक्त कपडे येतात. सोंग घेतलं की चाल आणि आवाजही बदलतो. बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचवतात, गोव्यात शिमग्याला सोंगं निघतात. प्रेक्षकांसाठी ‘सोंग घेऊन या’ हे निमंत्रणात छान दिसेल.

रंगपट

आणि भोपळा लिहिताना ‘तांबडा भोपळा’ लिहा. कोरताना झाकण तिरकं कापायचं, म्हणजे ते आत पडत नाही. रंगमंचावरच्या भोपळ्यात मेणबत्ती नको, पिसं आणि केसांचा स्प्रे दोन्ही झटकन पेट घेतात. सेलवरचा दिवा ठेवा.

प्रस्ताव

आभार. निमंत्रणाचा मजकूर असा धरतो: ‘हॅलोवीनच्या रात्री कंट्री संगीत आणि बर्लेस्क. बँडचं प्रत्यक्ष वादन. केवळ प्रौढांसाठी. सोंग घेऊन या.’ ‘केवळ प्रौढांसाठी’ पहिल्या ओळीत घ्यावं का?

कोशवाचक

हो, शीर्षकाच्या लगेच खाली. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. तारखा अशा जुळल्या की लोक मुलाबाळांसह कार्यक्रम शोधत असतात.