प्तिदेपे : अर्थ आणि वापर

चौकस
चेक नाटककार व्हाक्लाव हावेलवरच्या एका लेखात ‘सरकारी प्तिदेपे’ असा शब्दप्रयोग वाचला. ‘क्लिष्ट कार्यालयीन भाषा’ एवढाच अर्थ आहे की आणखी काही?

रंगपीठ
चेक भाषेत आज रूढ असलेला अर्थ तोच. मूळ शब्द मात्र हावेलच्या नाटकातला. १९६५ साली प्रागच्या ‘ना झाब्राद्ली’ नाट्यगृहात ते आलं. एका कचेरीत संचालकाला न विचारताच एक कृत्रिम भाषा लागू होते, ती प्तिदेपे. अगदी शास्त्रशुद्ध! दोन शब्दांत गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक शब्द इतरांहून शक्य तितका वेगळा. त्यामुळे शब्द लांबतच जातात. वोंबॅट या प्राण्याला ३१९ अक्षरं. संचालक ग्रोसला याच भाषेत पत्र येतं. भाषांतराला परवानगी हवी, परवानगीला कागद हवेत, आणि ज्याला नुकतंच प्तिदेपेत पत्र आलंय त्याला मजकूर कळेपर्यंत कागद द्यायचे नाहीत!

कारकून
हे तर आमचंच ऑफिस. ‘यथोचित कार्यवाहीस्तव सादर’ला आजपासून प्तिदेपे म्हणणार.

रंगपीठ
खुशाल म्हणा, पण थोडा फरक आहे. ‘कार्यवाहीस्तव’ नोकरीत चार महिने काढले की कळायला लागतं. प्तिदेपे ती लादणाऱ्यांनाही धड येत नाही, आणि तरी सगळे माना डोलावतात. कम्युनिस्ट राजवटीतल्या प्रेक्षकाला यातली खोच समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्या मते खरा डंख शेवटी आहे. मारिए नावाची सेक्रेटरी परवानगीविना पत्राचं भाषांतर करून देते. ग्रोसची खुर्ची वाचते, तिची नोकरी जाते. तो तिच्यासाठी बोटही उचलत नाही. आधुनिक माणसाच्या अगतिकतेवर सुरेख भाषण ठोकतो आणि जेवायला निघून जातो. ते भाषण साध्या, सुबोध भाषेत आहे बरं का! तेव्हा नुसत्या बोजडपणाला प्तिदेपे म्हणणं मला तोकडं वाटतं. जबाबदारी झटकायला वापरलेली गोड भाषाही त्यातच धरावी.

नाट्यवेडी
एक गंमत. ‘प्तिदेपे’ हा शब्द हावेलला त्याच्या भावानं, इव्हाननं सुचवला. आणि ‘रोबोट’ चेक लेखक कारेल चापेकला सुचवला तोही भावानंच, योसेफनं! तो शब्दही नाटकातूनच आला. १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्या नाटकाचे प्रयोग झाले. मुळाशी ‘रोबोता’, म्हणजे जमीनदाराकडची सक्तीची राबणूक. आपली वेठ. चापेकचे रोबोट लोखंडी नाहीत, माणसासारखेच दिसणारे वेठबिगार आहेत.

चौकस
मग ‘रोबोट’ जगभर गेला आणि ‘प्तिदेपे’ घरातच का राहिला?

नाट्यवेडी
उच्चार करून बघा की!

रंगपीठ
उच्चार आहेच. शिवाय चेकोस्लोव्हाकियावरच्या १९६८च्या सोव्हिएत आक्रमणानंतर हावेलच्या नाटकांना देशात बंदी आली, ती थेट १९८९पर्यंत. संहिता टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरत राहिल्या. मराठीत वापरायचा तर नपुंसकलिंगी ठेवा : ‘मंत्र्यांचं ते प्तिदेपे’. आणि पहिल्यांदा वापरताना अर्थ सांगून टाका, नाहीतर तेही प्तिदेपेच.